जंगल एकाचं, हरीण दुसऱ्याचं: अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांत सरकारी खाती एकत्र कशी नांदतात

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेतली राष्ट्रीय वनं केंद्र सरकारची, पण तिथल्या शिकारीचे आणि मासेमारीचे परवाने राज्य सरकार देतं. मग तिथले प्राणी आणि मासे नेमके कोणाचे? आणि एवढी खाती एकाच जंगलात असताना सहकार्य खरंच होतं, की ते करारांच्या फायलींतच राहतं?

आधी सरळ उत्तर देतो. जमीन केंद्राची, जनावर राज्याचं आणि दोघांमधली रेघ कायद्याने पुसट ठेवलेली. सहकार्य होतं, बऱ्यापैकी होतं. त्याचं कारण मात्र कोणाचा मोठेपणा नाही. एकाच्या हातात जमीन आहे, दुसऱ्याच्या हातात परवाने, पैसा आणि गणनेचे आकडे आहेत. एकट्याने काम तडीस नेणं दोघांनाही जमत नाही, म्हणून ते एकमेकांना फोन करतात. मी आधी पश्चिमेकडच्या एका राज्याच्या मत्स्य व वन्यजीव खात्यात होतो आणि नंतर फॉरेस्ट सर्व्हिसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय वनं सांभाळणाऱ्या केंद्राच्या खात्यात, जीवशास्त्रज्ञ म्हणून काम केलं. त्यामुळे एकाच बैठकीत कधी या खुर्चीत तर कधी समोरच्या खुर्चीत बसलो आहे.

भारतातल्या वाचकाला पहिला घोळ इथेच होतो, कारण आपल्याकडे जंगल आणि वन्यजीव दोन्ही वनखात्याकडे असतात. अमेरिकेत तसं नाही. फॉरेस्ट सर्व्हिस हे १९०५ पासून केंद्राच्या कृषी खात्याचा भाग आहे. त्याच्याकडे १५४ राष्ट्रीय वनं आहेत आणि गवताळ प्रदेश धरून सुमारे १९.३ कोटी एकर जमीन आहे. झाडं, रस्ते, चराई, ओढ्याकाठची जमीन हे सगळं त्यांचं. त्याच जंगलातल्या एल्कचा, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाचा, शिकारीचा हंगाम कधी सुरू होणार, किती परवाने निघणार, ओढ्यातून दिवसाला किती ट्राउट मासे पकडायचे, हे ठरवतो राज्याचा आयोग. प्रजात केंद्राच्या संकटग्रस्त यादीत गेली की तिसरं खातं येतं: जमिनीवरच्या आणि गोड्या पाण्यातल्या प्रजातींसाठी ‘इंटिरियर’ खात्याखालचं (आपल्याकडच्या गृह खात्याशी त्याची गल्लत करू नका) फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस. सॅल्मनसारखा समुद्रातून नदीत चढणारा मासा असेल तर वाणिज्य खात्याखालचं मत्स्य खातं. हो, वाणिज्य खात्याखालचं. पहिल्यांदा ऐकल्यावर मलाही ती टायपिंगची चूक वाटली होती.

ही रेघ पुसट कशी राहिली ते समजायला कायबाब पठाराची गोष्ट पाहावी लागते. ॲरिझोनात ग्रँड कॅनियनच्या उत्तरेला हे पठार आहे. १९०६ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ते शिकारबंदी क्षेत्र जाहीर केलं. पुढच्या वर्षांत सरकारी शिकाऱ्यांनी तिथले पहाडी सिंह, कायोटी, लांडगे मारले. म्यूल डिअर वाढत गेले आणि १९२० च्या दशकात त्यांनी पठार पार कुरतडून टाकलं. हिवाळ्यात हरणं उपासमारीने मरू लागली. १९२४ मध्ये घोडेस्वार आणि पायी माणसं लावून हरणांचा कळप दरीपलीकडे हाकायचा बेतही झाला. हरणं हाकणाऱ्यांच्या मधूनच मागे पळून गेली. (पाठ्यपुस्तकांत या हरणांची संख्या ४ हजारांवरून १ लाखावर गेली असं छापलेलं असतं. त्या आकड्यांचा पाया फार कच्चा आहे, हे १९७० मध्येच दाखवून दिलं गेलं. गणना कोणी केली हे विचारल्याशिवाय कुठलाच आकडा उचलू नये.)

शेवटी फॉरेस्ट सर्व्हिसने हरणं मारायला सुरुवात केली. ‘आमच्या परवान्याशिवाय शिकार केली’ म्हणून ॲरिझोना राज्याने त्या माणसांना अटक केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९२८ मध्ये ‘हंट विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ या खटल्यात निकाल लागला: आपल्या जमिनीची नासाडी थांबवण्यासाठी केंद्राला हरणं मारता येतील, राज्याचा शिकारीचा कायदा त्याच्या आड येणार नाही. जंगलाबाहेर जाणाऱ्या मेलेल्या हरणांवर मात्र ती केंद्राच्या अधिकारात मारली असल्याची स्पष्ट खूण असावी, अशी अट न्यायालयाने घातली. राज्याच्या वॉर्डनला, म्हणजे शिकारीचे कायदे राबवणाऱ्या माणसाला, चोरटी शिकार ओळखता यावी, एवढाच त्याचा उद्देश. मला त्या निकालातली ही बारीकशी अट सगळ्यात शहाणपणाची वाटते. जिंकलेल्या पक्षालाही हरलेल्याची सोय पाहायला लावली.

१९७६ मध्ये ‘क्लेप्पी विरुद्ध न्यू मेक्सिको’ खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेलं. राज्याच्या पशुधन मंडळाने केंद्राच्या जमिनीवरची १९ जंगली गाढवं पकडून लिलावात विकली होती. न्यायालयाने म्हटलं की आपल्या जमिनीवर राहणाऱ्या वन्यप्राण्यांचं नियमन आणि रक्षण करण्याचा अधिकार केंद्राच्या मालकीहक्कातच येतो. म्हणजे घटनेच्या पातळीवर प्रश्न मिटला: संसदेने, म्हणजे तिथल्या काँग्रेसने, ठरवलं तर राष्ट्रीय वनातला शिकारीचा हंगामही केंद्र ठरवू शकतं.

पण काँग्रेसने तसं ठरवलं नाही. १९६० च्या बहुउद्देशीय वापराच्या कायद्याने राष्ट्रीय वनांच्या उद्देशांत करमणूक, चराई, लाकूड आणि पाणलोटाबरोबर ‘वन्यजीव आणि मासे’ घातले आणि लगेच पुढे लिहिलं की वन्यजीव व माशांबाबत राज्यांच्या अधिकारावर आणि जबाबदारीवर याचा काही परिणाम होणार नाही. १९६४ च्या विल्डरनेस कायद्यात, म्हणजे मोटार आणि यंत्रांना बंदी असलेल्या राखीव रानांच्या कायद्यात, तसंच वाक्य. १९७६ च्या सार्वजनिक जमिनींच्या कायद्यात पुन्हा तेच. तिथे एवढीच भर की सार्वजनिक सुरक्षितता किंवा व्यवस्थापनासाठी केंद्राला काही भाग शिकारीसाठी बंद करता येईल, पण आणीबाणी सोडून एरवी आधी राज्याच्या खात्याशी सल्लामसलत करूनच. फॉरेस्ट सर्व्हिसच्या स्वतःच्या नियमांतही राज्याच्या कायद्याविरुद्ध केलेली शिकार किंवा मासेमारी हा केंद्राचाही गुन्हा ठरतो. थोडक्यात, केंद्राच्या हाती हुकमाचं पान आहे आणि ते पान सहसा टाकायचं नाही अशी रीत पडली आहे. तरुण अधिकारी कायद्याचं पुस्तक वाचून येतात आणि पहिल्याच वादात ‘क्लेप्पी’चं नाव काढतात. त्यानंतर राज्याचा जीवशास्त्रज्ञ वर्षभर त्यांचे फोन उचलत नाही.

आता पैसा. सहकार्याचं इंजिन बघायचं असेल तर इथे बघा. राज्याची वन्यजीव खाती बरीचशी शिकारी आणि मासेमार यांच्या पैशावर चालतात. एक तर परवान्याची फी. दुसरा स्रोत १९३७ चा पिटमन-रॉबर्टसन कायदा: लांब नळीच्या बंदुका आणि दारूगोळ्यावर ११ टक्के, पिस्तुलांवर १० टक्के उत्पादन शुल्क, आणि ते थेट राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे. वाटप निम्मं राज्याच्या क्षेत्रफळावर, निम्मं परवानेधारकांच्या संख्येवर. प्रकल्पाचा तीन चतुर्थांश खर्च केंद्राकडून, एक चतुर्थांश राज्याने घालायचा. माशांसाठी १९५० मध्ये डिंगेल-जॉन्सन कायद्याने गळ, दोरी, काठ्या अशा सामानावरच्या शुल्कातून तशीच सोय केली. अट एकच, पण तिने सगळा खेळ बदलला: परवान्याची फी दुसऱ्या कुठल्याही कामाला वळवणार नाही असा कायदा राज्याने आधी करायचा. आमदारांनी ती फी रस्त्यांवर खर्च केली तर केंद्राचा निधी धोक्यात.

याचे दोन परिणाम होतात. राज्याच्या खात्याकडे लोकांना वाटतो त्याहून पक्का आणि वर्षानुवर्षं चालणारा पैसा असतो. फॉरेस्ट सर्व्हिसचं उलट: त्यांची तरतूद काँग्रेस दरवर्षी ठरवते, आणि वणवे विझवण्याच्या खर्चाने कित्येक वर्षं बाकी सगळ्या कामांचा पैसा गिळला. त्यामुळे आमच्याकडे जमीन होती, अवजारं होती, पण ओढ्यात लाकडाचे ओंडके टाकून माशांना आसरा करायचा तर पैसा राज्याकडून यायचा. दुसरा परिणाम जरा अवघड आहे. ज्यांच्या पैशावर खातं चालतं त्यांच्या प्राण्यांकडे जास्त लक्ष जातं. एल्क, हरीण, ट्राउट यांना कोणी वाली असतो. बेडकाला, गोगलगायीला, घुबडाला नसतो. राज्यातले सहकारी हे ऐकून चिडतात, आणि त्यांच्यातले कित्येक जण बेडकांवरच आयुष्य घालवतात, हेही खरं. पण अर्थसंकल्पाचा कल कुठे आहे ते त्यांनाही ठाऊक असतं.

सायक्स कायद्याने १९७४ पासून राज्य आणि फॉरेस्ट सर्व्हिसला संयुक्त आराखडे करायची मुभा दिली, आणि राष्ट्रीय वनात शिकार किंवा मासेमारी करणाऱ्यांकडून वेगळा शिक्का-परवाना विकून तो पैसा तिथल्याच अधिवासावर खर्च करायचीही. व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनियात ही पद्धत आहे. पश्चिमेकडे ती फारशी रुजली नाही. तिथला शिकारी राष्ट्रीय वन आपल्या बापजाद्यांचं मानतो आणि आणखी एक शिक्का म्हटलं की त्याचं पित्त खवळतं.

प्रत्यक्ष काम कसं होतं ते सांगायला मी रस्त्याखालच्या मोरीचं उदाहरण घेतो, कारण सहकार्य शिकायला याच्यासारखी शाळा नाही. राष्ट्रीय वनांत ३ लाख मैलांहून जास्त रस्ते आहेत, बरेचसे लाकूडतोडीच्या काळातले. ओढा आला की अभियंत्याने लोखंडी नळाची मोरी टाकली, वर भराव केला. नळ ओढ्यापेक्षा अरुंद, त्यामुळे पाणी जोरात सुटतं आणि खालच्या तोंडाशी खड्डा पडून धबधब्यासारखी उडी तयार होते. मोठा ट्राउट कदाचित चढेल, बोटाएवढं पिल्लू चढत नाही. वरचे कित्येक मैल ओढा माशांना बंद. राज्याचं खातं खाली मत्स्यबीज केंद्रातून मासे सोडतंय, परवाने विकतंय, आणि वर केंद्राची मोरी दार लावून बसलेली. मासा राज्याचा, मोरी केंद्राची.

मोरी बदलायची तर कोण कोण लागतं बघा. रस्ता फॉरेस्ट सर्व्हिसचा, म्हणून आराखडा आणि ठेका त्यांचा. ओढ्यात यंत्र कधी उतरवायचं ते राज्याचं मत्स्य खातं ठरवतं: अंडी घालून झालेली असावीत, पुढची वीण सुरू झालेली नसावी, म्हणजे उन्हाळ्यातले मोजके आठवडे. ओढ्यात बुल ट्राउट असेल, जो १९९९ पासून यादीत आहे, तर फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसशी कायदेशीर सल्लामसलत. त्याच ओढ्यात स्टीलहेड, म्हणजे समुद्रातून चढणारा ट्राउट, येत असेल तर वाणिज्य खात्याखालच्या मत्स्य खात्याशी वेगळी. कायद्यात या सल्लामसलतीला आणि त्यावरच्या लेखी अभिप्रायाला मिळून १३५ दिवस दिलेले आहेत. हे सगळे कागद एकामागून एक फिरवले तर कामाचे आठवडे निघून जातात, ठेकेदार दुसरीकडे जातो आणि काम वर्षभर पुढे पडतं. एकदा नाही, सारखंच पडायचं.

यावर वायव्येकडच्या राज्यांत १९९५ मध्ये साधा तोडगा निघाला. फॉरेस्ट सर्व्हिस, केंद्राच्या इतर सार्वजनिक जमिनी सांभाळणारा जमीन व्यवस्थापन ब्यूरो आणि यादीतल्या प्रजाती सांभाळणारी दोन्ही खाती यांनी ठरवलं की प्रत्येक भागात चारही खात्यांच्या जीवशास्त्रज्ञांची एक छोटी टोळी असेल, आणि ती आराखडा कच्चा असतानाच एकत्र बसेल. तिला ‘लेव्हल वन’ म्हणतात. तिथे एकमत झालं नाही तर विषय ठरलेल्या मुदतीत वरच्या पातळीवर, म्हणजे वनाधीक्षक आणि त्यांच्या तोडीच्या अधिकाऱ्यांकडे जातो. तिथेही अडला तर आणखी वर. गंमत अशी की विषय वर नेण्याची वाट असल्यामुळेच तो सहसा वर जात नाही. आपलं भांडण साहेबापर्यंत जाणं कुठल्याच जीवशास्त्रज्ञाला आवडत नाही. शिवाय एकसारख्या कामांसाठी एकच एकत्रित अभिप्राय घेऊन ठेवता येतो. मग प्रत्येक मोरीसाठी १३५ दिवस थांबावं लागत नाही. वॉशिंग्टन राज्यात तर ओढ्यातल्या कामांच्या राज्य-परवान्यासाठी राज्याचं खातं आणि फॉरेस्ट सर्व्हिस यांच्यात सामंजस्य करार आहे: ठरलेल्या अटी पाळल्या तर दरवेळी नवा अर्ज नको.

मोरीचा आकार हाही असाच एकत्र बसून सुटलेला प्रश्न. पूर्वी अभियंता विचारायचा, ट्राउट सेकंदाला किती वेगाने पोहतो? आम्ही आकडा द्यायचो, तो नळाचा हिशेब करायचा आणि मोरी पुन्हा अरुंदच निघायची. आता पद्धत अशी की ओढा पूर्ण भरून वाहतो तेव्हाची रुंदी धरून त्याहून रुंद मोरी करायची आणि तिच्या तळाशी ओढ्यासारखेच दगड-गोटे घालायचे. माशाला आपण मोरीतून चाललोय हे कळू नये. त्यामुळे माशांबरोबर सॅलॅमँडरही जातात आणि पुरात मोरी वाहून जाण्याचं प्रमाणही घटतं. अभियंत्यांना माशांपेक्षा हा शेवटचा मुद्दा जास्त पटला, आणि आम्हीही तोच पुढे करू लागलो.

करारांबद्दल विचारलं आहे म्हणून सांगतो. प्रत्येक राष्ट्रीय वनाचा किंवा विभागाचा राज्याशी सामंजस्य करार असतो, बहुधा पाच वर्षांचा. त्यात परस्पर आदर, माहितीची देवाणघेवाण, नियमित बैठका अशी वाक्यं असतात. ती वाचून तुम्हाला काहीही कळणार नाही. कळायचं असेल तर तीन गोष्टी विचारा. वन आराखड्याचा पहिला मसुदा तयार होण्याआधी राज्याच्या माणसाला बोलावलं होतं का? आराखडा पंधरा वर्षं चालतो. मसुदा छापल्यावर मागवलेल्या अभिप्रायाला फार किंमत नसते. दुसरं, एल्कच्या गळ्यातल्या, ठावठिकाणा कळवणाऱ्या पट्ट्यांची माहिती फॉरेस्ट सर्व्हिसला मिळते का, आणि रस्ते बंद-चालू करण्याचे नकाशे राज्याला हंगाम ठरवण्याआधी मिळतात का? आणि तिसरं, वार्षिक बैठकीला कोण येतं: फक्त साहेब, की रेंजवरचा जीवशास्त्रज्ञ आणि गेम वॉर्डनही?

माहिती एकत्र केली की काय होतं याचं उत्तम उदाहरण ओरेगॉनच्या ईशान्येला आहे. स्टार्की प्रायोगिक वनात ओरेगॉनचं मत्स्य व वन्यजीव खातं आणि फॉरेस्ट सर्व्हिसची संशोधन शाखा १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून एकत्र काम करत आहेत. सुमारे २५ हजार एकर जंगलाला आठ फुटी कुंपण घातलं, आत एल्क, म्यूल डिअर आणि गुरं, आणि त्यांच्या हालचालींची सततची नोंद. तोवर लाकूडतोड, गुरं आणि रस्ते यांचा एल्कवर काय परिणाम होतो यावर दोन्ही खाती आपापले अंदाज घेऊन भांडायची. स्टार्कीतून दिसलं की वाहतूक चालू असलेल्या रस्त्यांपासून एल्क दूर राहतात, आणि चारचाकी मोटारसायकलींमुळे ते पायी किंवा घोड्यावरच्या माणसापेक्षा जास्त बिचकतात. आता यातून निघणारा निर्णय पाहा. रस्ता बंद करण्याचा अधिकार फॉरेस्ट सर्व्हिसचा. पण रस्ते उघडे राहिले तर एल्क हंगामाच्या पहिल्या दिवसांत खासगी कुरणांवर जाऊन बसतात, शेतकरी नुकसानभरपाई राज्याकडे मागतो आणि शिकारी परवान्याचे पैसे फुकट गेले म्हणून राज्यालाच शिव्या देतो. म्हणून रस्ता बंद करावा असं पत्र राज्याकडून येतं, आणि त्या पत्राच्या आधारावर वनाधीक्षकाला जाहीर सभेत उभं राहता येतं. कोणी कोणाची पाठ राखली हे बाहेरच्याला दिसत नाही.

आता बिघडतं कुठे? सगळ्यात जास्त विल्डरनेसमध्ये. आयडाहोमधल्या फ्रँक चर्च राखीव रानाचं प्रकरण प्रसिद्ध आहे. फॉरेस्ट सर्व्हिसने राज्याच्या खात्याला एल्कना पट्टे बांधण्यासाठी हेलिकॉप्टर उतरवायची परवानगी दिली. जानेवारी २०१६ मध्ये काम झालं, पण त्यात एल्कबरोबर चार लांडग्यांनाही पट्टे बांधले गेले, ज्याची परवानगीच नव्हती. राज्याने गैरसमज झाल्याचं सांगितलं. पुढच्या वर्षी न्यायालयाने मूळ परवानगीच बेकायदा ठरवली आणि त्या मोहिमेतून मिळालेली माहिती नष्ट करायला सांगितली. गोळा केलेली माहिती नष्ट करा, हा आदेश जीवशास्त्रज्ञाला किती लागतो हे वेगळं सांगायला नको. माझ्या मते चूक दोघांची वाटून होती: राज्याने हद्द ओलांडली आणि फॉरेस्ट सर्व्हिसने संपूर्ण कार्यक्रमाचा परिणाम तपासण्याऐवजी एका हंगामाचा तुकडा तेवढा तपासला. तरी दोन्ही खाती आजही त्याच रानात एकत्र काम करतात. दुसरा इलाज नाही.

दुसरी दुखरी जागा म्हणजे सोडलेले मासे. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडाच्या उंचावरच्या बहुतेक तळ्यांत मुळात मासेच नव्हते. आधी खेचरांवरून आणि पुढे विमानातून तिथे ट्राउट सोडले गेले, राज्याने ते काम दशकानुदशकं केलं, आणि मासेमारांची पिढ्यान्पिढ्यांची मजा झाली. त्या तळ्यांतला पिवळ्या पायांचा बेडूक मात्र संपत चालला, कारण त्याचे बेडकुले दोनतीन वर्षं पाण्यातच वाढतात आणि ट्राउटना ते आयतं खाणं. वर बुरशीचा रोग. २०१४ मध्ये सिएराचा हा बेडूक संकटग्रस्त यादीत गेला. इथे ‘जमीन केंद्राची, जनावर राज्याचं’ हे सूत्र पार कोलमडतं: ट्राउट राज्याचे, बेडूकही राज्याचाच पण यादीत असल्यामुळे केंद्राचाही, तळं राष्ट्रीय वनात. शेवटी राज्याने अनेक तळ्यांत मासे सोडणं थांबवलं आणि काही ठिकाणी जाळी लावून ट्राउट काढले जातात. ज्या खात्याने मासे टाकले त्याच खात्याची माणसं आता ते उपसतात, आणि मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. खात्याने दिशा बदलली हे मोठं काम आहे.

मेंढ्यांचा वादही असाच, फक्त जास्त कडू. बिगहॉर्न या जंगली मेंढ्यांना पाळीव मेंढ्यांपासून न्यूमोनिया लागतो आणि कळपच्या कळप जातात. बिगहॉर्न राज्याचे, चराईचे परवाने फॉरेस्ट सर्व्हिसचे. आयडाहोतल्या पेयेट राष्ट्रीय वनाने २०१० मध्ये पाळीव मेंढ्यांची चराई मोठ्या प्रमाणात कमी केली. मेंढपाळांच्या संघटनेने दावा लावला, २०१६ मध्ये अपील न्यायालयाने वनाचा निर्णय कायम ठेवला. राज्याचं खातं इथे कात्रीत सापडतं. त्याचे जीवशास्त्रज्ञ रोगाचा धोका मांडतात, आणि त्याच राज्याची विधानसभा मेंढपाळांच्या बाजूने उभी असते. केंद्रातल्या माणसाने हे ओळखून राज्याच्या सहकाऱ्याला जाहीरपणे बाजू घ्यायला लावू नये; त्याच्याकडून कळपांचे नकाशे आणि रोगतपासणीचे निकाल घ्यावेत आणि निर्णयाचा भार स्वतःच्या डोक्यावर घ्यावा.

या सगळ्यात आदिवासी राष्ट्रांचा उल्लेख न करणं ही जुनी खोड आहे. ती सल्ला देणारी संस्था नाहीत, हक्कदार आहेत. वॉशिंग्टन राज्यात १९७४ च्या न्यायाधीश बोल्ट यांच्या निकालाने १८५० च्या दशकातल्या तहांनुसार पकडण्याजोग्या सॅल्मनचा निम्मा वाटा जमातींना दिला आणि तेव्हापासून त्या राज्याच्या बरोबरीने मासे सांभाळतात. त्यांचे जीवशास्त्रज्ञ अनेक नद्यांवर राज्याहून जास्त संख्येने दिसतात. २०१९ मध्ये ‘हरेरा विरुद्ध वायोमिंग’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की क्रो जमातीचा १८६८ च्या तहातला शिकारीचा हक्क वायोमिंग राज्य झाल्यामुळे संपलेला नाही, आणि बिगहॉर्न राष्ट्रीय वन घोषित झाल्यामुळे ती जमीन आपोआप ‘व्यापलेली’ ठरत नाही (तहातला हक्क न व्यापलेल्या जमिनीपुरता होता). म्हणजे राष्ट्रीय वनातल्या शिकारीबद्दल बोलायला दोन खुर्च्या मांडणारा अधिकारी कामाची सुरुवातच चुकीची करतो.

शेवटी एक उदाहरण, जिथे कोणाचं काय हे विचारायला वेळच नव्हता. न्यू मेक्सिकोत २०१२ च्या उन्हाळ्यात व्हाइटवॉटर-बाल्डी वणव्याने जवळजवळ ३ लाख एकर जंगल जाळलं, त्यात गिला ट्राउटचे ओढे होते. हा मासा जगात फक्त न्यू मेक्सिको आणि ॲरिझोनाच्या त्या डोंगरांत आहे. आगीत मासे वाचतात. मारते ती नंतरच्या पावसाबरोबर ओढ्यात उतरणारी राख आणि गाळ. त्यामुळे वणव्यानंतर आणि पावसाळ्याच्या आधी मधे जे थोडे दिवस मिळाले त्यात फॉरेस्ट सर्व्हिस, राज्याचं खातं आणि फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस यांच्या माणसांनी विजेच्या हलक्या झटक्याने मासे गुंगवून पकडले, हेलिकॉप्टरने बाहेर काढले आणि केंद्राच्या मोरा इथल्या मत्स्यबीज केंद्रात ठेवले. राखीव रानात हेलिकॉप्टर, वन केंद्राचं, मासा राज्याचा आणि यादीतला, टाक्या तिसऱ्या खात्याच्या. हे जमलं कारण त्या खात्यांनी गिला ट्राउटचा संयुक्त आराखडा आधीपासून चालवला होता, कोणत्या ओढ्यात कोणता वंश आहे हे सगळ्यांकडे एकाच यादीत होतं, आणि कोणाला फोन करायचा ते माहीत होतं. पुढे परके, म्हणजे बाहेरून आलेले, ट्राउट नाहीसे झालेल्या काही ओढ्यांत याच माशांची पिल्लं परत सोडता आली.

तुम्ही अभ्यासासाठी विचारत असाल तर एखादं राष्ट्रीय वन निवडा आणि त्याच्या आराखड्याबरोबर त्याच राज्याचा एल्कचा किंवा ट्राउटचा व्यवस्थापन आराखडा शेजारी ठेवून वाचा. दोन्हीत एकाच खोऱ्यासाठी रस्त्यांची घनता, हिवाळी चराईची जागा किंवा ओढ्याचं तापमान यांचे आकडे जुळतात का ते तपासा. जुळत असतील तर ती माणसं एकमेकांशी बोलतात. जुळत नसतील तर दोन्ही खात्यांच्या स्थानिक जीवशास्त्रज्ञांना वेगवेगळं पत्र लिहून कारण विचारा. दोघंही उत्तर देतील, आणि दोन उत्तरांतला फरक हाच तुमच्या प्रबंधाचा विषय होईल.